जुन्या लोखंडी खिडकीतून दर पावसाळ्यात पाणी: बदलण्याआधी काय काय तपासायचं

"मागच्या वर्षीच सगळं करून घेतलं होतं हो, तरी पाणी येतंच." जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून हे वाक्य मी फोनवर ऐकतो. माझं काम माहीम, दादर, प्रभादेवी या पट्ट्यातल्या जुन्या इमारतींतल्या झेड सेक्शनच्या, म्हणजे इंग्रजी Z आकाराच्या पट्ट्यांच्या, लोखंडी खिडक्यांचं. आधी दुरुस्ती करायची, नाइलाज झाला तर बदलायची. दरवर्षी परत गळणारी खिडकी बहुतेक वेळा चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यातून गळते. लोक मात्र काच बदलतात, झडप बदलतात, कधी पूर्ण खिडकी बदलतात आणि तो सांधा तसाच सोडून देतात.

लक्षणं

कुठे आणि कधी ओलं होतं, ते आधी नीट बघा.

वाऱ्याचा पाऊस आला की खालच्या दोन कोपऱ्यांत पाणी साचतं आणि कडप्प्यावरून आत ओघळतं. सरळ पाऊस कितीही पडला तरी थेंब येत नाही. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार.

झडप अडकते, खांद्याने ढकलून लावावी लागते, मूठ अर्धीच फिरते.

कोणी हात न लावता काच तडकते आणि चीर कडेपासून सुरू होते.

चौकटीशेजारच्या भिंतीचा रंग फुगतो, पोपडे सुटतात, पांढरी खार फुलते.

पाऊस थांबून तास-दोन तास झाले तरी वरच्या कडेतून ठिबकत राहतं.

पाऊस नसतानाही तीच जागा ओली राहते.

शेवटच्या दोन प्रकारांत खिडकी बहुतेक वेळा निर्दोष असते. पाऊस थांबल्यावर ठिबकणारं पाणी छज्ज्यात किंवा वरच्या भिंतीत मुरून सावकाश उतरलेलं असतं. पाऊस नसताना ओल असेल तर वरच्या मजल्याचं न्हाणीघर किंवा एसीची पाण्याची नळी बघा. आणि एसी चालू असताना काचेच्या बाहेरच्या बाजूला दव धरतं ती गळती नव्हे. बाहेर दमट हवा, आत गार काच, एवढंच. त्यासाठी मला बोलावू नका, मी चहा पिऊन परत जाईन.

पहिली तपासणी: कोणत्या पावसात गळतं

खर्च शून्य. मुंबईचा मोसमी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांवर पाणी नुसतं पडत नाही, दाबाने आत रेटलं जातं. तासाला 72 किलोमीटर वेगाच्या झोताचा दाब जवळपास 25 मिलीमीटर उंच पाण्याच्या थराइतका असतो. म्हणजे तेवढ्या उंचीची आडकाठी ओलांडून पाणी आत येऊ शकतं. हा आकडा लक्षात ठेवा, नवीन खिडकी निवडताना परत लागेल.

दोन-तीन पावसांची नोंद कॅलेंडरवर करा: वारा होता की नव्हता, पाणी किती वेळाने आलं, कुठल्या कोपऱ्यात आलं. पश्चिमेची खिडकी कोरडी आणि पूर्वेची गळते, असं असेल तर वाऱ्याचा संबंध नाही. सरळ छज्जा आणि वरची भिंत तपासायला घ्या. ही नोंद हातात असली की येणाऱ्या कारागिराचा अर्धा तास वाचतो आणि तो तुम्हाला गंडवूही शकत नाही.

दुसरी: कुंड्या, कबुतरं आणि बाहेरची कड

पुढे काढलेली बॉक्स ग्रिल असेल तर आधी ती रिकामी करा. कुंड्यांची माती, तुळशीची पानं आणि कबुतरांची विष्ठा यांचा थर चौकटीच्या खालच्या पट्टीला लागून साचतो. तो पाणी धरून ठेवतो, आणि चौकटीची तीच बाजू आधी सडते. विष्ठा कोरडी झाडू नका, ती छातीला घातक. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून खरवडा.

मग बाहेरच्या कडेवर तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूला पळालं पाहिजे. तिथेच थांबलं किंवा चौकटीकडे आलं तर उतार उलटा आहे. बऱ्याच इमारतींत प्रत्येक रंगकामाच्या वेळी कडेवर गिलाव्याचा एकेक थर चढत जातो आणि शेवटी बाहेरची कड चौकटीच्या खालच्या पट्टीहून उंच होते. मग खिडकी कितीही चांगली असो, पाणी आतच येणार. उतार करून घेणं गवंड्याचं काम. आतून हात पोचत असेल तर ते लहान आणि स्वस्त आहे.

ग्रिलचे पाय भिंतीत कुठे गेलेत तेही बघा. खिडकीच्या अगदी शेजारी भोक पाडून बसवलेल्या सळईवरून पाणी ओघळत थेट भिंतीच्या पोटात शिरतं. सळईभोवती भेग दिसली तर ती सीलंटने, म्हणजे फट बुजवायच्या रबरासारख्या लवचीक मसाल्याने, भरा.

तिसरी: झडप नीट टेकते का

वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी झडप आणि चौकट यांच्यात धरून झडप बंद करा. पट्टी ओढून सहज निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी दर वीतभर अंतरावर हे करा. जुनी लोखंडी खिडकी दोन ठिकाणी टेकते, बाहेरच्या कडेला आणि आतल्या कडेला, आणि त्यावरच तिचा सगळा भरवसा असतो. तिला रबर नसतं. प्रत्येक दिवाळीला मारलेला ऑइलपेंट या दोन्ही कडांवर चढत जातो, बिजागरीच्या बाजूला जाड होतो आणि समोरची बाजू उघडी राहते. झडप लागत नाही म्हणून लोक ती घासून, ठोकून वाकवतात. खरं तर जुना रंग उतरवला की निम्म्या झडपा आपोआप बसतात.

रंग उतरवताना एक काळजी घ्या. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2016 साली आला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. ओला पॉलिश पेपर, मास्क, खाली प्लास्टिक, आणि लहान मुलं व गरोदर बाई दुसऱ्या खोलीत.

बिजागरीत मशीनचं तेल घाला, दोन दिवस मुरू द्या. मूठ झडपेला आत ओढत नसेल तर मूठ बदला. हे काम काही शेकड्यांत होतं.

चौथी: काचेची पुट्टी

बाहेरच्या बाजूने, हात सुरक्षित पोचत असेल तरच, काचेभोवतीची पुट्टी नखाने टोकरा. जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेली ही पुट्टी वर्षानुवर्षांच्या उन्हाने कोरडी होऊन सुटते. तुकडा हातात आला तर काढून नवी भरावी लागेल. भिंतीची पांढरी पुट्टी किंवा पीओपी तिथे भरू नका. ती पहिल्याच पावसात भिजून लोखंडाला ओल पुरवत बसते. तेलाची पुट्टी वरून घट्ट व्हायला दोन आठवडे तरी द्या आणि मगच रंग मारा, म्हणजे हे काम मेच्या सुरुवातीपर्यंत झालेलं हवं.

पाचवी: नळीने पाणी मारून बघणं

इथे दोन माणसं लागतात. एक आतमध्ये टॉर्च घेऊन, दुसरा नळी घेऊन. तळमजल्यावर किंवा बाहेर गॅलरी असेल तिथेच करा, वरच्या मजल्यावर बाहेर वाकून नको. सुरुवात खालून करायची. आधी फक्त खालची कड भिजवा, दहा मिनिटं थांबा. मग बाजूचे सांधे, मग काच आणि झडप, शेवटी वरची कड आणि छज्जा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली उतरताना सगळंच ओलं करतं आणि शिरलं कुठून ते कळतच नाही. नळीचा जोर कमी ठेवा. आतल्या चौकटीवर खडूची जाड रेघ मारून ठेवली की पहिला ओघळ कुठून आला ते स्वच्छ दिसतं.

संशयाच्या सांध्यावर चिकटपट्टी लावून परत पाणी मारा. पट्टीने गळती थांबली, तर चोर तिथेच.

सहावी: गंज किती खोल गेलाय

जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चौकटीची खालची पट्टी, विशेषतः दोन्ही कोपरे, टोचत जा. ठणठणीत आवाज आला, टोक घसरलं, तर लोखंड जिवंत आहे. टोक रुतलं किंवा पट्टी पापुद्र्यांनी सुटली तर गोष्ट वेगळी.

गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा घेतो. ही एक गोष्ट समजली की बाकी लक्षणांचा उलगडा होतो. काचेच्या खाचेत गंज फुगला की काचेला कडेने दाबतो आणि काच तडकते. नवी काच घातली तरी वर्षा-दोन वर्षांत तीही जाते. चौकट आणि भिंत यांच्यात फुगला की गिलावा फोडतो, त्या भेगेतून आणखी पाणी जातं, आणखी गंज चढतो. झडप अडकण्यामागेही पुष्कळदा हेच असतं. माहीम, वरळी, वांद्रे अशा समुद्राजवळच्या भागात हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, ओल धरून ठेवतं, आणि हे चक्र जोरात फिरतं.

वरवरचा गंज असेल तर जुना रंग आधी वर सांगितल्यासारखा ओला उतरवा, मग तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा, त्याच दिवशी प्रायमर मारा. रात्रभर उघडं ठेवलं तर दमट हवेत सकाळी परत लाल. समुद्राकडच्या खिडकीला साध्या रेडऑक्साइडपेक्षा इपॉक्सी प्रायमर टिकतो. एक-दोन ठिकाणीच खाल्लं असेल तर वेल्डर तेवढा तुकडा कापून नवा जोडतो. खालची पट्टी निम्म्याहून जास्त गेली असेल, किंवा उभ्या पट्ट्यांचे पाय सडले असतील, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका.

सातवी: चौकट आणि भिंतीचा सांधा

बाहेरून चौकटीच्या कडेने सुरी फिरवा. फटीत व्हाइट सिमेंट दिसेल, आणि ते चौकटीपासून केसभर सुटलेलं असेल. बहुतेक घरांत असतंच. लोखंड उन्हात वाढतं, रात्री आवळतं. दीड मीटर लांबीची पट्टी 40 अंशांच्या फरकाला पाऊण मिलीमीटर हलते. अॅल्युमिनियमची जवळजवळ दुप्पट, यूपीव्हीसीची (खिडक्यांचं कडक प्लास्टिक) चारेक मिलीमीटर. व्हाइट सिमेंटला हे हलणं झेपत नाही, ते तडकतं. मग मेमध्ये परत व्हाइट सिमेंट, जूनमध्ये परत पाणी.

सुटलेलं सिमेंट खरवडून काढा, फट कोरडी करा, आत फोमची गोल दोरी दाबा आणि वरून सीलंट भरा. सीलंट फक्त दोन बाजूंना, चौकट आणि भिंत, चिकटायला हवं. फटीच्या तळालाही चिकटलं तर ताणायला वाव राहत नाही आणि फाटतं. दोरी त्यासाठीच. बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) किंवा न्यूट्रल, म्हणजे आंबट वास नसलेलं, सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं स्वस्त सिलिकॉन लोखंडाला गंज आणतं आणि सिमेंटला धरत नाही. दुकानदार विचारल्याशिवाय तेच हातात ठेवतो.

एक सांगायचं राहिलं: आतून सीलंट मारून पाणी थांबवू नका. आत थांबलेलं पाणी भिंतीत मुरतं आणि खालच्या मजल्यावर किंवा शेजारच्या खोलीत निघतं.

इथे हात थांबवा

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर जात असेल, छज्ज्याचा कोबा सुटून सळई दिसत असेल, किंवा चौकटीची वरची पट्टी मधोमध खाली वाकली असेल, तर फॅब्रिकेटर, गवंडी कोणालाच हात लावू देऊ नका. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, खचतंय आणि त्याचं वजन चौकटीवर येतंय, अशी ती खूण असू शकते. अशा वेळी चौकट काढणं म्हणजे टेकू काढणं. सोसायटीला लेखी कळवा आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. 30 वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने बंधनकारक आहेच. ते झालंय का, हे त्या निमित्ताने विचारा. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जा.

पहिल्या मजल्यापासून वर, बाहेरच्या बाजूने कुठलंही काम स्वतः करू नका. परांची किंवा झुला, पट्टा आणि दोर असलेलीच माणसं लावा. कारागीर "अहो, दोन मिनिटांचं काम" म्हणत ग्रिलवर उभा राहायला लागला तर त्याला खाली उतरवा. गंजलेल्या ग्रिलचा भरवसा मी स्वतः धरत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाइपगॅसची नळी जात असेल तर ती हलवण्याचं काम गॅस कंपनीच्या माणसाचंच. तिच्याजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवायचं नाही.

बदलायचीच ठरली तर

आता ती मुख्य गोष्ट, जिच्यामुळे नवी खिडकीसुद्धा गळते. आमच्या धंद्यात एक सोपी वाट आहे: जुनी लोखंडी चौकट भिंतीतच ठेवायची, झडपा काढायच्या आणि तिच्या आत अॅल्युमिनियमची स्लायडिंग चौकट स्क्रूने बसवायची. तोडफोड नाही, धूळ नाही, एका दिवसात काम. गिऱ्हाईक खूश. दोन-तीन पावसाळे ठीक जातात.

माहीमला तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंकडे अशी खिडकी उघडली. वरून पावडर कोटिंग नव्यासारखं, शटर बोटाने सरकत होती. अॅल्युमिनियम उचलल्यावर खालची जुनी पट्टी खारी बिस्किटासारखी पदरापदराने सुटली आणि तिच्याखाली भिंतीची वीट ओली, काळी पडलेली. स्क्रू साधे लोखंडी होते. त्यांच्या भोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमली होती. काकू म्हणाल्या, "अरे, एवढ्या वर्षांत मी फक्त पडदे बदलत होते." दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, आणि मागे जिवंत राहिलेला गंज: नवी खिडकी जुन्याच दुखण्यावर बसवली होती.

म्हणून जुनी चौकट पूर्ण काढा. ती होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पायांनी, धरलेली असते. चौकट मधोमध कापून आत वाकवून काढली तर भिंत कमी फुटते; अख्खी हिसकली तर विटा घेऊन येते. पाय भिंतीत उरले तर तेही काढा, नाहीतर ते आतच फुगतात.

रिकाम्या भोकाचं माप तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये, खाली, आणि दोन्ही कर्ण मोजा. जुन्या इमारतीत कर्णांत बोटभर फरक सहज निघतो. चौकट सगळ्यात लहान मापाला करायची आणि उरलेली फट सीलंटला योग्य अशी ठेवायची. फरक फार असेल तर आधी गवंड्याकडून भोक सरळ करून घ्या. कोनात नसलेल्या भोकात ठोकून बसवलेल्या स्लायडिंगची चाकं लवकर झिजतात.

खालच्या कडप्प्याला बाहेर उतार आणि चौकटीखाली वॉटरप्रूफिंग, हे खिडकी बसायच्या आधी. नंतर होत नाही. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्रासमोर 316 प्रतीचे. खालच्या ट्रॅकमधून भोक पाडून स्क्रू मारू देऊ नका. ते पाण्याला आयतं भोक. बाजूंनी मारा. ओलं सिमेंट अॅल्युमिनियमला खातं, त्यामुळे गिलावा होईपर्यंत चौकटीवरची टेप काढू नका.

स्लायडिंग की उघडणारी? जागेच्या टंचाईमुळे मुंबईत सगळे स्लायडिंग घेतात, आणि पूर्वेच्या खिडकीला ते चालतं. पश्चिमेच्या, समुद्राकडच्या खिडकीला मी रबर गॅस्केटची उघडणारी खिडकीच सुचवतो, अॅल्युमिनियम असो की यूपीव्हीसी. उघडणाऱ्या झडपेला वारा दाबत असेल तर ती जास्त घट्ट बसेल अशी रचना करता येते. स्लायडिंगची शटर सरकायला मोकळीच ठेवावी लागतात, त्यामुळे ट्रॅकमध्ये पाणी येणारच. ते बाहेर काढणं एवढंच हातात असतं. घ्यायचीच असेल तर ट्रॅकची आतली भिंत 25 मिलीमीटरहून चांगली उंच आहे का बघा आणि बाहेर पाणी जायची भोकं आहेत का ते बोट लावून बघा. कितीतरी ठिकाणी ती पाडलेलीच नसतात, किंवा सीलंटने बुजवलेली असतात.

काच टफन्ड घेणार असाल तर माप पक्कं झाल्यावरच ऑर्डर द्या, ती नंतर कापता येत नाही. ग्रिल परत बसवताना एक भाग कुलपाचा, उघडणारा ठेवा. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच.

सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या, कारण बाहेरून दिसणारी रचना बदलते. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको (विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली बांधकामशैली) इमारतींचा समूह 2018 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अशा ठिकाणी किंवा हेरिटेज यादीतल्या कुठल्याही इमारतीत खिडकीचं रूप मनाने बदलायचं नाही, वास्तुविशारदामार्फत परवानगी काढायची. तिथे बारीक लोखंडी चौकट दुरुस्त करून ठेवणंच सोयीचं पडतं, आणि दिसतंही छान.

काम एप्रिल-मेमध्ये करा. जुलैत फोन केलात तर मी फक्त ताडपत्री बांधून देईन, कारण ओल्या भिंतीला सीलंट धरत नाही. पैशातला काही भाग पहिल्या जोराच्या पावसापर्यंत राखून ठेवा, तसं बिलावर लिहून घ्या. आणि जुन्या चौकटीचं भंगार तुमचं की कारागिराचं, हेही आधीच ठरवा. लोखंड वजनावर जातं, आणि सगळ्यात जास्त वाद मी त्यावरूनच पाहिलेत.